दोन स्टेशनांच्या मधली वाट



मागच्या लेखावर (मूगडाळीच्या सांडग्यांचा) तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी एकच विचारलं, "ते सांडगे राहू देत, लेकीकडे पॅरिसला दोन महिने राहून आलात, तिथलं कधी लिहिणार?" आयफेल टॉवरचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहेत, त्यात मी नवीन काय सांगणार? मी आज एका साध्या दिवसाबद्दल लिहिणार आहे. एका लहान स्टेशनावर उतरून दुसऱ्या लहान स्टेशनापर्यंत आम्ही मायलेकी पायी चाललो, एवढंच. गाडी नव्हती, टॅक्सी नव्हती, गाईड नव्हता. पण दोन महिन्यांत जे पाहिलं त्यात माझ्या सर्वांत उपयोगाचं तेच होतं. का, ते सांगते.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आमची गाडी पोर्चमध्ये कव्हर घालून उभी आहे. मी चालवायला शिकले नाही. मुलगा पुण्याहून आला की बॅटरी उतरू नये म्हणून एक चक्कर मारून आणतो. ह्यांच्या मागं "गाडी नाही" हे माझ्या तोंडात बसलेलं वाक्य झालं. बाहुबलीला आम्ही दर महिन्याला जात होतो, दोन वर्षांत मी तीनदा गेले असेन. नांदणीला पंचकल्याणक असो की सांगलीला भाचीचं डोहाळजेवण असो, आधी कोण नेणार हा प्रश्न, मग जायचं की नाही हा प्रश्न. तुमच्यातल्या किती जणींचं असंच आहे, हे मला मंडळात बसल्यावर कळतं. आपण बी.कॉम., बी.ए. झालेल्या बायका, घराचे हिशेब पैशापर्यंत ठेवणाऱ्या, आणि दहा किलोमीटर जायला कुणाच्या तरी सवडीची वाट बघत बसतो.

त्यात मागच्या पावसाळ्यात मला ताप आला. दोन दिवस शेजारच्या वहिनींनी पेज आणून दिली. हे लेकीला कळलं आणि तिनं फोनवर धोशा लावला, "आई, तू एकटी कशी राहणार तिथं? इथंच ये, आमच्याकडे राहा." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दोन महिने येते, मग बघू, असं म्हणून एप्रिलमध्ये विमानात बसले. हा प्रश्न बरोबर घेऊनच गेले होते.

लेक आणि जावई पॅरिसमध्ये नऊ वर्षं आहेत. दोघंही कमावतात, पण त्यांच्याकडे गाडी नाही. आपल्याकडे हे सांगितलं की लोक जरा थांबून बघतात. तिला विचारलं तर म्हणाली, "ठेवायला जागा नाही आणि लागतही नाही गं." शहरात लागत नाही हे मला पटलं, मेट्रो आहे. पण गावाकडे? खेड्यात, रानात? तर म्हणाली, "रविवारी दाखवते."

रविवारच्या आधी शनिवारी रात्री तिनं टेबलावर नकाशा पसरला. फ्रान्समध्ये सरकारी नकाशे मिळतात, त्यात 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 250 मीटर. प्रत्येक पायवाट, विहीर, कुंपण, देऊळ (म्हणजे तिथलं चर्च) त्यात दाखवलेलं असतं. मी शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, तोमेरी नावाच्या स्टेशनापासून वाटेच्या वळणावळणाने दुसऱ्या स्टेशनापर्यंत ठेवला आणि टेपवर मोजला. 44 सेंटिमीटर भरला. चार सेंटिमीटरला एक किलोमीटर, म्हणजे 11 किलोमीटर. लेक फोनवर बघून म्हणाली, बरोबर. मला 11 चा आकडा ऐकून गुडघा आठवला. पण तिनं दाखवलं की नदीकाठाने जाताना वाटेच्या एका बाजूला रेल्वेची लाइन आहेच, मध्ये कुठं थकलो तर जवळच्या स्टेशनाकडे वळायचं. गाडी घेऊन गेलं तर जिथं गाडी ठेवली तिथंच परत यावं लागतं. रेल्वेने गेलं तर एकीकडे उतरायचं आणि दुसरीकडे चढायचं, मागं फिरायची गरजच नाही. हे मला फारच पटलं.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली ती मला आवडली. पॅरिसच्या दक्षिणेला फाँतेनब्लो नावाचं मोठं जंगल आहे. तिथं नेपोलियनच्या सैन्यात राहिलेला देनकूर नावाचा माणूस होता. त्यानं 1842 पासून जंगलातून चालायच्या वाटा आखल्या आणि लोक चुकू नयेत म्हणून झाडांवर, दगडांवर निळ्या रंगाच्या खुणा केल्या. आयुष्यभरात दीडशे किलोमीटरच्या आसपास वाटा त्यानं तयार केल्या. 1849 ला पॅरिसहून फाँतेनब्लोला रेल्वे आली आणि शहरातली माणसं रविवारी उतरून चालायला लागली. म्हणजे या सहलीची पद्धत मोटारीच्या आधीची आहे. आपण समजतो, गाडी नाही म्हणून पायी. तिथं आधी पाय आणि रेल्वे, गाडी नंतर आली.

खाण्याची तयारी मीच केली. दुधातल्या दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, कैरीचा तक्कू, भडंग (तोही बिनलसणाचा), आणि बेसनाचे चार लाडू. पाणी घरी गाळून उकळून दोन स्टीलच्या बाटल्यांत भरलं. लेकीनं सांगितलं होतं की रविवारी खेड्यातली दुकानं दुपारनंतर बंद असतात, सोमवारी तर बरीच दुकानं उघडतच नाहीत. त्यामुळे वाटेत काहीतरी मिळेल या भरवशावर जायचं नाही. आपल्याला तर हे सांगायलाच नको. आपण तीर्थयात्रेलासुद्धा डबा घेऊनच निघतो. एप्रिलच्या शेवटी तिथं सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, म्हणून सूर्यास्ताच्या आत जेवायचा प्रश्नच नव्हता, घरी परत येऊन सावकाश स्वयंपाक करून जेवता येणार होतं. (हिवाळ्यात मात्र पाच वाजताच अंधार पडतो. तेव्हा माझी लेक ऑफिसमध्येच डबा संपवते.)

सकाळी गार द लिऑन या मोठ्या स्टेशनावरून गाडी होती. तिकिटाचं सांगते, कारण मी हिशेब ठेवलाय. 1 जानेवारी 2025 पासून पॅरिस आणि आसपासच्या सगळ्या प्रदेशात रेल्वेचं एकच तिकीट केलंय, जवळ जा नाहीतर लांब जा, 2025 मध्ये ते अडीच युरोचं होतं. लेकीचा महिन्याचा पास होता. माझे जायचे अडीच आणि यायचे अडीच, पाच युरो झाले, म्हणजे तेव्हाच्या दराने आपले पाचशे रुपयांच्या आतच. तिकीट घालायचं कार्ड दोन युरोचं, ते आधीच घेतलेलं होतं. दिवसभराचा प्रवासखर्च एवढाच.

पाऊण तासात शहर संपलं, झाडं सुरू झाली. तोमेरीला आमच्याबरोबर सात-आठ माणसं उतरली. स्टेशन गावात नाही, जंगलाच्या कडेला आहे. बघते तर उतरलेल्यांत पाच बायका, माझ्याच वयाच्या, हातात काठ्या, पाठीवर पिशव्या, बूट बांधत हसत-खिदळत होत्या. त्यांनी आम्हाला "बाँझूर" केलं. पायवाटेवर समोरून येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायची तिथं रीत आहे. शहरात कुणी कुणाकडे बघत नाही, पण वाटेवर सगळे बोलतात. लेक म्हणाली, इथं गावोगावी चालणाऱ्यांचे क्लब आहेत आणि त्यात निम्म्याहून जास्त बायका असतात. बहुतेक निवृत्त झालेल्या.

स्टेशनाबाहेर लेक थांबली आणि म्हणाली, "आज तू पुढे. मी मागून येते. खुणा बघ आणि चल."

मला फ्रेंचचे चार शब्द येत नाहीत. पण खुणा वाचायला भाषा लागत नाही. झाडाच्या बुंध्यावर, विजेच्या खांबावर, भिंतीच्या कोपऱ्यावर हाताच्या बोटाएवढा रंगाचा पट्टा असतो. वर पांढरा आणि खाली लाल पट्टा असेल तर ती लांब पल्ल्याची वाट, नुसता पिवळा असेल तर जवळपासची फिरायची वाट. पट्ट्याला वळण दिलेलं असेल तर त्या बाजूला वळायचं. आणि दोन पट्ट्यांची फुली असेल तर इकडे जायचं नाही. बस, एवढंच. 1947 मध्ये या कामासाठी समिती झाली आणि आज फ्रान्सभर लाखाहून जास्त किलोमीटर वाटा अशा रंगवलेल्या आहेत. रंगवतात कोण, तर हजारो स्वयंसेवक. पगार नाही. कुणीतरी निवृत्त माणूस डबा आणि ब्रश घेऊन वर्षातून एकदा आपल्या वाट्याच्या रस्त्यावरून चालतो, फिकट झालेला पट्टा पुन्हा रंगवतो. मला आपल्याकडे विहाराच्या वाटेवर महाराजांच्या आधी जाऊन रस्ता बघून ठेवणारे श्रावक आठवले.

रात्री पाऊस पडून गेला होता. वाट ओली आणि तीवर गोगलगायी. शंख असलेल्या होत्या, आणि बिनशंखाच्या, नारिंगी रंगाच्या, माझ्या बोटाएवढ्या लांब. पाच-दहा पावलांवर एक. मला चार हात पुढं बघून पाय टाकायची सवय, तुम्हालाही असेल. पण शहरात राहून ती सवय नुसती आठवणीपुरती राहते. त्या वाटेवर ती पायात उतरली. आमचा वेग कमी झाला, पण गंमत अशी की गुडघा दुखायचा थांबला. हळू, बघून, सपाट पाय टाकत चाललं की गुडघ्यावर हिसका बसत नाही. लेक मागून म्हणाली, "आई, तू साधूंसारखी चाललीयस." मी म्हटलं, "साधू मैलोन् मैल चालतात ते उगीच नाही. त्यांच्याकडे पण गाडी नाही." आचार्य शांतिसागर महाराज आपल्या याच भागातून निघून सम्मेदशिखरजीपर्यंत पायी गेले, हे माझी सासू सांगायची. आम्ही ऐकायचो आणि "त्यांचं वेगळं" म्हणून सोडून द्यायचो.

तोमेरीच्या आधी बी नावाची वस्ती लागते. तिथं एक उंच घर आहे, रोझा बॉन्हर नावाच्या चित्रकर्तीचं. ती प्राण्यांची चित्रं काढायची, घोड्यांची, बैलांची, मेंढरांची. या घरात तिनं कितीतरी प्राणी पाळले होते, सिंहसुद्धा. तिचा जन्म 1822 चा. त्या काळी पॅरिसमध्ये बाईला पँट घालायची असेल तर पोलिसांची परवानगी लागायची, 1800 सालचा हुकूम होता. रोझाला गुरांच्या बाजारात आणि कत्तलखान्यात जाऊन प्राण्यांची अंगरचना बघायची असायची, तिथं घोळदार झग्यात कसं वावरणार? म्हणून तिनं 1857 मध्ये परवानगी काढली, ती फक्त सहा महिन्यांची, संपली की पुन्हा अर्ज. कत्तलखान्याचं ऐकून माझ्या अंगावर काटा आला, ते तुम्हाला सांगायला नको. पण बाईला पायात काय घालायचं, कुठं जायचं याला सहा-सहा महिन्यांची परवानगी, हे वाक्य डोक्यातून जाईना. 1865 मध्ये फ्रान्सची सम्राज्ञी स्वतः याच घरी येऊन तिला देशाचा मोठा सन्मान देऊन गेली, कलेसाठी तो मिळवणारी ती पहिली बाई. तो जुना हुकूम मात्र रद्दबातल आहे असं सरकारनं 2013 मध्ये जाहीर केलं. मी माझ्या पंजाबी ड्रेसकडे आणि बुटांकडे बघितलं. मला कुणाची परवानगी लागली नव्हती. तरी दोन वर्षं मी कुणी न्यायची वाट बघत होते.

तोमेरीत शिरल्यावर मी थांबलेच. गावभर उंच उंच दगडी भिंती, आणि भिंतींना टेकवून वेली. द्राक्षाच्या! तासगाव-मिरजेकडची बाई, मला वेल ओळखायला किती वेळ लागणार? एप्रिल असल्यामुळे नुकती कोवळी पानं फुटली होती. लेकीला वाटलं मी दमले, मी म्हटलं, थांब, ही छाटणी बघू दे. इथं थंडी जास्त, म्हणून वेल मांडवावर न चढवता दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीवर चढवतात. दिवसभर ऊन खाऊन भिंत तापते आणि रात्री तीच ऊब द्राक्षाला देते. इथली शासला नावाची द्राक्षं एकेकाळी राजाच्या ताटात जायची. एकोणिसाव्या शतकात इथल्या लोकांनी आणखी एक युक्ती काढली. घड काडीसकट कापायचा, काडीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं, पाणी नासू नये म्हणून त्यात थोडा कोळसा टाकायचा, आणि अशा शेकडो बाटल्या अंधाऱ्या थंड खोलीत टांगून ठेवायच्या. शरदात तोडलेली द्राक्षं थेट वसंतापर्यंत ताजी राहायची. कोल्ड स्टोअरेज यायच्या आधीचं हे कोल्ड स्टोअरेज. आमच्या शेजारच्या काकांना हे फोनवर सांगितलं तर त्यांनी बाटलीचा आकारही विचारला.

गावाच्या उतारावरून खाली आलो आणि सेन नदी भेटली. पॅरिसमध्ये दगडी काठांच्या मधून वाहणारी सेन इथं हिरवी आणि शांत होती. आम्ही प्रवाहाच्या उलट चाललो, नदी डाव्या हाताला. काठाला लागून चांगली चांगली घरं, बागा. मी म्हटलं, अगं, ही लोकांची खासगी जागा असेल, आपल्याला कुणी हाकललं तर? लेकीनं सांगितलं, पूर्वी या काठावरून घोडे दोरानं बोटी ओढत. त्या काळापासूनचा कायदा आहे की बोटी चालतात अशा नदीच्या काठाला जमीनमालकानं सव्वातीन मीटर मोकळी पट्टी सोडायची. घोडे गेले, बोटींना इंजिनं आली, पण पट्टी राहिली, आणि आता ती पायी चालणाऱ्यांसाठी आहे. जमीन त्याची, पण चालायचा हक्क सगळ्यांचा. नियमात सव्वातीन मीटर असं मोजून लिहिलंय, याचं मला फार समाधान वाटलं. हक्क मोजून लिहिलेला असला की मागायला सोपा जातो.

एका ठिकाणी वाट दुभंगली. लेक फोनवर जावयांशी बोलत सरळ रुंद रस्त्याला लागली. मला डावीकडच्या खांबावर पिवळा पट्टा दिसला आणि तिच्या रस्त्यावरच्या झाडावर फुली. मी हाक मारली, "अगं, फुली आहे तिकडे!" ती वळून बघते तर खरंच. परत येऊन म्हणाली, "नऊ वर्षं राहते मी इथं, आणि वाट तू दाखवतेस." आम्ही दोघी हसलो. पण मला त्या हसण्यात काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. आल्यापासून दोन आठवडे ती मला हाताला धरून मेट्रोत चढवत होती.

पुढे लुआँ नावाची नदी येऊन सेनला मिळते. पलीकडच्या काठावर सँ-मामेस गाव, तिथं लांब लांब मालवाहू बोटी लागलेल्या. काही बोटींवर माणसं राहतात, फुलांच्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे. संगमाजवळ बाकावर बसून आम्ही जेवलो. दशमी, चटणी, तक्कू. दोन बदकं जवळ येऊन बसली, त्यांना काही दिलं नाही, कारण त्यांना पाव-भाकरी घातली तर ती आजारी पडतात असं तिथं लोक सांगतात. त्या पाच बायका मागून आल्या, आमच्या शेजारच्या बाकावर बसल्या. मी भडंगाचा डबा पुढं केला. एकीनं मूठभर घेतला, डोळे मोठे केले आणि मैत्रिणींना दिला. डबा रिकामाच परत आला. त्यांच्यातल्या एकीनं खुणेनं वय विचारलं, मी बोटांवर सहासष्ट दाखवलं. तिनं स्वतःचं दाखवलं, अठ्ठ्याहत्तर.

जेवून लुआँच्या काठाने मोरे गावात गेलो. गावाचं नाव मोरे, अगदी आपल्या मोरे आडनावासारखंच. जुन्या वेशी, दगडी पूल, पाण्यात पडलेलं चर्चचं प्रतिबिंब. सिस्ले नावाचा चित्रकार इथं राहिला आणि 1899 मध्ये इथंच वारला. या पुलाची, चर्चची त्यानं कितीतरी चित्रं काढली. आईबाप इंग्रज, जन्म पॅरिसचा, आयुष्य जवळजवळ सगळं फ्रान्समध्ये, पण अर्ज करूनही त्याला फ्रान्सचं नागरिकत्व मिळालं नाही. पुलावर उभं राहून हे ऐकलं. माणूस एखाद्या गावाला इतकं आपलं म्हणतो, ते कागदावर असतंच असं नाही. मला माझी पेठ आठवली, मंदिरातली पहाटेची घंटा, शेजारच्या वहिनी, त्यांची ती पेज.

मोरेची आणखी एक ओळख म्हणजे बार्लीची साखर. 1638 पासून इथल्या जोगिणी जवाच्या पाण्यात साखर आटवून ही गोळी करत. दुकानात मी लेकीला आधी पाठीमागचं वाचायला लावलं, जिलेटीन नाही, मध नाही, मगच घेतली. मंडळात सगळ्यांना एकेक दिली, आठवत असेल तुम्हाला.

मोरेच्या स्टेशनावर परतीच्या गाडीला अर्धा तास होता. आम्ही फलाटावर बसलो. लेकीनं तो विषय काढला नाही, मीच काढला. म्हटलं, "मी जयसिंगपूरलाच राहीन." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आजारी पडलीस तर?" मी म्हटलं, "तर वहिनी पेज आणतील, आणि तू येशील. पण नुसतं आजारी पडेन म्हणून मी आत्तापासून फुलीच्या रस्त्याला लागणार नाही." तिचे डोळे भरून आले, माझेही. गाडी आली तेव्हा तिनं मला हात धरून चढवलं नाही, आधी मी चढले.

तुमच्यापैकी कुणी लेकीसुनांकडे तिकडे जाणार असाल तर चार गोष्टी. परतीच्या गाडीची वेळ आधी कागदावर लिहून घ्या, छोट्या स्टेशनावर तासाला एखादीच गाडी असते आणि तिथं तिकीट द्यायला माणूस असेलच असं नाही, म्हणून यायचं तिकीटही निघतानाच कार्डात भरून ठेवा. वाट अशी निवडा की दोन्ही टोकांना स्टेशन असेल. स्वच्छतागृहाची चौकशी स्टेशनावर आणि गावाच्या मध्यात करा, रानात सोय नसते. गवतातून गेलात तर घरी येऊन पायाला गोचीड लागलंय का बघा, म्हणून पूर्ण पायजमा आणि मोजे बरे. आणि डबा आपला.

आणि तिकडे जाणार नसाल तरी. आपल्या जयसिंगपूरहून कोल्हापूरच्या गाडीला हातकणंगले स्टेशन आहे, हे आपण सगळ्या विसरलोय. मी परत आल्यावर पहिल्याच अष्टमीला सकाळी तिथं उतरले, शेजारच्या वहिनींना घेऊन, आणि बाहुबलीपर्यंत रमत-गमत पायी गेलो. रस्त्यावर पिवळा पट्टा नव्हता, पण विचारायला माणसं होती आणि भाषाही आपली. येताना पाय दुखले म्हणून वडाप धरला. आता पुढच्या चतुर्दशीला सहा जणी यायचं म्हणताहेत. गाडीची वेळ मी मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवली आहे. बूट घालून या, चपला नकोत.